दगडातला बाल

बीडला कशाला चाललीस, असं मला चार जणांनी विचारलं आणि चौघांनाही मी थाप मारली. एकाला लग्न सांगितलं, एकीला परळीचा वैद्यनाथ सांगितला. शेजारच्या वहिनींना तर सांगितलं, की तिकडची सीताफळं खायची आहेत. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला दारातच धरून बसवलं असतं आणि हळू आवाजात माझ्या भावाला फोन लावला असता. खरं असं होतं, की माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला सव्वातीन किलोचा एक पांढरा दगड होता आणि तो लेथवर कसा कातायचा हे विचारायला मी नाशिकहून निघाले होते.

सांगते नीट. मी आय.टी.आय.मध्ये तीस वर्षं टर्नर ट्रेड शिकवला, म्हणजे लेथ मशीनवर धातू फिरवून कातायला. पोरं मला पाठीमागं ‘लेथबाई’ म्हणायची, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम, जे म्हणाल ते मी कातलं आहे. दगड मात्र कधी नाही. दगड आणला मोहननं. मोहन माझा नवरा. आम्ही आग्र्याला गेलो होतो, तिथं एका दुकानदारानं पांढऱ्या दगडाच्या वाडग्यात बल्ब लावून दाखवला. दगडातून उजेड असा पिवळा, मऊ बाहेर आला की मी बघतच राहिले. दुकानदार म्हणाला, हा अलाबास्टर, संगमरवर नव्हे. सगळे लोक तयार वाडगे घेत होते. आमच्या साहेबांनी घेतला कच्चा धोंडा! वर दुकानदाराला ऐकवलं, “माझी बायको टर्नर आहे.” मला म्हणाला, “ह्याचा दिवा कर.”

“रिटायर झाले की करते,” मी म्हटलं. सहा वर्षं मी हेच म्हणत होते. मे महिन्यात मी रिटायर झाले आणि मोहन त्याआधीच्या जानेवारीत गेला. झोपेतच गेला, काही न बोलता. इतकी वर्षं सतत बडबडणारा माणूस आणि जाताना मात्र एक शब्द नाही. त्याचा राग मला अजून आहे.

तेव्हापासून तो धोंडा त्याच्या फोटोशेजारी होता. मी पोर्चमध्ये एक जुनं लहान लेथ मशीन आणून बसवलं, सरावाला शिरगोळ्याचे दोन तुकडे घेतले, तोच मऊ दगड ज्याची रांगोळी करतात, आणि दोन्ही फोडले. दुसरा तर थेट माझ्या चष्म्यावर आला. तिसरा फोडायचा तर तो मोहनचाच फोडावा लागला असता. तेवढ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा, बालाजीचा, फोन आला. तो यूसुफ वडगावचा, तिथंच वेल्डिंगचं दुकान चालवतो. म्हणाला, “मॅडम, बीडला एक म्हातारा खरादी हाय. लई जुना. निस्ता दगडच कातत बसतो.” खरादी म्हणजे कातारी, टर्नर. मराठवाड्यात निजामाच्या वेळचे असे शब्द अजून रोजच्या वापरात आहेत. मी त्याच आठवड्यात निघाले.

बीड, पहिला दिवस

एस.टी. स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि सकाळी सकाळी नाश्त्याला बाहेर पडले. दिवाळी होऊन गेलेली, हवेत बारीक गारवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासेसचे बोर्ड, प्रत्येक बोर्डावर पास झालेल्या पोरांचे फोटो, आणि खाली काळ्या कोटातले वकील घाईघाईनं चहा पितायत. एका लहानशा हॉटेलात शिरले. बसते न बसते तोच मालक गल्ल्यावरून ओरडला, “दोन सुशीला!”

मी दचकून उभी राहिले. माझं नाव सुशीला.

मालकानं माझ्याकडं पाहिलं. “काय पायजे मावशी?”

“तुम्ही हाक मारलीत ना?”

मग सगळा उलगडा झाला. सुशीला हा तिकडचा नाश्ता. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी देतात, वरून डाळ्याचं कूट. आपल्याकडं पोहे, तशी तिकडं सुशीला. मी माझं नाव सांगितलं तेव्हा मालक इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, “मग तुमाला एक जादा!”

मी दोन प्लेटी खाल्ल्या. छान होती हो, आमच्या पोह्यांपेक्षा हलकी. पण अर्धा तास तिथं बसले ते खाण्यासाठी नव्हे, उगाच का खोटं बोलू. “सुशीला झाली का?” “सुशीला गरम हाय का?” “सुशीला संपली!” घरी मला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. कुणाची मी मॅडम, कुणाची वहिनी, कुणाची काकू. इथं मिनिटामिनिटाला माझं नाव ऐकू येत होतं. तिसरा चहा सांगितला तेव्हा मालकानं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, मग मात्र उठले.

त्या म्हाताऱ्या खराद्याचं, नूरचाचांचं, घर जुन्या गावात, फळवाल्यांच्या ओळीच्या मागं. दाराशी त्यांची सून शबाना भेटली. चाळिशीची, बोलकी, हाताला पीठ. “बालाजीभाऊंचा फोन आलता. या ना मावशी. अब्बा मागं हायत.”

मागं म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये. आत सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, जाळी पांढरी, आणि मधोमध बसलेला म्हातारा पांढरा. त्याचं यंत्र पाहून माझ्यातली मास्तरीण आधी हादरली. पिठाच्या गिरणीची जुनी मोटर, तिला पट्टा, आणि सागवानी ओंडक्यावर बसवलेला दांडा. गार्ड नाही, गॉगल नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये हे दिसलं असतं तर मी कुलूप लावलं असतं. समोर फळीवर त्यांनी केलेला माल मांडलेला. तसबीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी, अगरबत्तीची घरं, लहान खलबत्ते, आणि एका ओळीत पाच-सहा शिवलिंगं. ती परळीच्या दुकानांत जातात, शबाना म्हणाली. मणी आणि लिंगं एकाच फळीवर होती, त्याचं तिथं कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

चाचांना काचबिंदू आहे. एका डोळ्यानं अजिबात दिसत नाही, दुसऱ्यानं फक्त उजेड-अंधार. ते बोटांनी आणि कानांनी काम करतात. माझी गोष्ट उलटी. तीस वर्षं मशीनच्या आवाजात उभी राहून माझा उजवा कान निकामी झालेला आणि डावाही अर्धाच. दोघं मिळून आमचं एक धड माणूस होईल, असं मी त्यांना म्हटलं तर ते खूश झाले.

मग मी टॉवेल सोडला. त्यांनी दगड मांडीवर घेतला, नखानं ओरखडला, बोटाला लागलेली पूड चोळली. “शिरगोळ्याचा थोरला भाऊ हाय ह्यो. चांगल्या घरचा.” मला उगाच बरं वाटलं. मग त्यांनी खिशातनं एक पितळी चावी काढली आणि दगडाला ठिकठिकाणी टिचक्या मारल्या. कान वाकडा करून ऐकलं. पुन्हा मारल्या.

“बाई,” ते म्हणाले, “ह्याच्यात बाल हाय.”

मी ऐकलं ‘बाळ’. आता हसाल तुम्ही, पण मी तो सोडलेला टॉवेल छातीशी घट्ट धरला. आम्हाला मूल झालं नाही. एकदा दिवस राहिले होते, पाच महिन्यांचं गेलं. त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण तो शब्द अचानक कानावर आला की अजून माझं असं होतं. मी म्हटलं, “काय बोलताय चाचा? कुठलं बाळ?”

“बाळ न्हाई ओ. बाल! बाल!” त्यांनी आपल्या दाढीचा एक केस उपटून माझ्यापुढं धरला. “केस. कपाला जातो का न्हाई बाल? तसा दगडात हाय. आत.”

बारीक तडा. आम्ही त्याला क्रॅक म्हणतो, ते बाल म्हणतात. शबाना तोंडाला ओढणी लावून हसत होती. मीही हसले.

चाचांचं बोट अजून दगडावरच फिरत होतं. “वरनं खडीसाखर चाटल्यावानी झालाय. ह्याला पाणी कावून लावलं?”

कावून म्हणजे का. मी म्हटलं, “रोज धुवायचे. देवाची भांडी घासताना.”

“रोज?”

“धूळ बसायला नको म्हणून.”

 “ह्यो दगड पाणी पितो बाई. विरघळतो. बाल आधीबी आसंल, बारीक. पाणी शिरून वाढला.”

“म्हणजे मीच वाढवला.”

“मी तसं न्हाई म्हनलं.”

“पण आहे तसंच,” मी म्हटलं. दहा महिने रोज सकाळी नळाखाली धरून, अंगठ्यानं चोळून चोळून मी तो दगड धूत होते. त्या वेळी मी मोहनशी बोलायची. भाजी काय केली, कुणाचा फोन आला, वगैरे. इतकं प्रेमानं मी त्या दगडाचं वाटोळं करत होते.

“मी ह्याला मशिनीवर चढवनार न्हाई,” चाचांनी दगड परत माझ्या हातात दिला. “फुटंल.”

“मी चढवते. तुम्ही फक्त शेजारी बसा.”

“धर्मापुरीला गेलत्या का कदी?”

“नाही.”

“जावा. देवळाच्या खांबाला हात लावून या. मग बोलू.”

मी चिडले. “चाचा, मी शिकायला आले आहे, देवदर्शनाला नाही.”

“देवाला कोन म्हनलं? खांबाला जावा.”

धर्मापुरी

दुसऱ्या दिवशी बालाजी स्वतःची मोटरसायकल घेऊन आला. वाटेत यूसुफ वडगावात त्याच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, येसरची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. आमच्याकडं थंडीत बाजरी; इथं बारा महिने ज्वारी, आणि ती भाकरी अशी पातळ की ताटाची नक्षी दिसावी. आमटीचा पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. बालाजीची बायको घाबरली. “लई तिखट झालं का मॅडम?” मी हो म्हटलं. तिखट होतंच, पण मोहनला असलं तिखट फार आवडायचं आणि वेगळं काही खाल्लं की मी अजून मनात म्हणते, घरी जाऊन सांगायला हवं. मग आठवतं.

धर्मापुरीचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, बाहेरून अंगभर मूर्ती. बालाजी मूर्तींचे फोटो काढत राहिला, मी सरळ आत गेले. आणि खरं सांगते, तिथंच थबकले. ते खांब कातलेले होते. छिन्नीनं गोल केलेले नव्हेत हो, कातलेले. एकावर एक कडी, मध्ये खाचा, सगळं एका मध्यावर. लहानपणापासून मी ‘कातीव खांब’ हा शब्द ऐकत आले होते, आणि टर्नर असूनही तो माझ्या धंद्यातला शब्द आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं! एवढा मणामणाचा दगड कशानं फिरवला असेल? कोण उभं असेल हत्यार धरून? मी अंगठा खाचेत ठेवून खांबाभोवती चक्कर मारली. कुठंही अडला नाही. व्हर्नियर असतं तर मी माप घेतलं असतं.

सावलीला एक धनगर आजोबा टेकले होते, शेळ्या बाहेर. ते म्हणाले, “आमचा बा सांगायचा, बैल जुंपून फिरवले म्हनं.”

“खरं असेल?”

“आता त्याला काय दिसलं व्हतं व्हय? सांगायचा आपलं.” मग मला विचारलं, “एकट्याच?”

“विद्यार्थी आहे बरोबर.”

“तसं न्हाई इचारलं,” आजोबा म्हणाले.  मग त्यांनी कनवटीची सुपारी काढून मला अर्धी दिली. मी सुपारी खात नाही. तरी खाल्ली.

निघताना एका कोपऱ्यातल्या खांबाकडं लक्ष गेलं. बाकी सगळी कडी गुळगुळीत आणि तिथं एक कडं खडबडीत सोडलेलं, हत्याराच्या रेघा तशाच. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “रिजेक्ट.” बालाजी खो खो हसला. म्हणाला, “मॅडम, तुमी देवाचाबी जॉब नापास केला.”

पुन्हा बीड

चाचा वाटच बघत होते. “काय पाहिलं?”

मी भरभरून सांगितलं. शेवटी म्हटलं, “एका खांबाचं फिनिशिंग मात्र राहिलंय. आळस केलाय कुणीतरी.”

“त्या कड्याच्या खाली बोट फिरवलं का?”

“नाही.”

चाचा खाली मान घालून हसले. “तिथं बाल हाय बाई. चांगला वीतभर. कारागिराला आवाज आला, त्यानं हात काढून घेतला. म्हनून खांब उभा हाय.” मग म्हणाले, “मी पोरगा आसताना माझ्या उस्तादानं मला तिथंच नेलतं. मलाबी न्हाई दिसला.”

एवढ्यावर शहाण्या बाईनं दगड टॉवेलात गुंडाळून गाडी पकडली असती. मी म्हटलं, “चाचा, मला दिवा करायचाय. तो जाऊन वर्ष होत आलंय. फुटला तर माझ्या हातानं फुटेल.”  त्यांनी शबानाला हाक मारून दगड चिकटवायची लाख गरम करायला सांगितली.

तीन दिवस लागले. सकाळी शबाना खिचडी-खट्टा वाढायची. आमच्याकडं खिचडी आजाऱ्याला, नाहीतर प्रवासातून आल्यावर रात्री टाकायची. इथं ती सकाळचा राजेशाही नाश्ता, वर चिंच-तिळाचा आंबट खट्टा. शबाना म्हणायची, “घ्या ना मावशी, किती कमी खाता,” आणि ताटात अजून एक डाव पडायचा. माझ्या ताटात काही पडतंय का हे बघणारं कुणी नव्हतं इतके महिने. मी मुकाट्यानं खायची.

मग शेड. दगड लाकडी चकतीवर लाखेनं चिकटवायचा. लोखंडासारखा चकात, म्हणजे मशीनच्या जबड्यात, आवळायचा नाही. मी घरी तसा आवळला म्हणूनच माझे दोन फुटले होते. पाण्याचा थेंब नाही, सगळं कोरडं. हत्यार म्हणजे जुन्या कानशीला धार लावलेली. पहिल्याच स्पर्शाला पिठासारखी पूड उडाली आणि मला समजलं की मी तीस वर्षं काय केलं ते इथं कवडीच्या कामाचं नाही. लोखंड हाताला ढकलतं, त्याच्याशी भांडावं लागतं. हा दगड काही म्हणतच नाही. निमूट कातला जातो. हाताला समजतच नाही की आपण किती घेतलं.

“म्हनून ऐकायचं आसतं,” चाचा म्हणायचे. त्यांनी एक बारीक लाकडी काठी घेतली होती. तिचं एक टोक हत्याराच्या टेकूवर आणि दुसरं कानात. ते ऐकणार, मी कातणार, शबाना बटणापाशी. मला स्वतःला मोटरच्या घरघरीपलीकडं दगडाचं काहीच ऐकू येत नव्हतं. दोन दिवसांत बाहेरची गोलाई झाली. चाचा अधूनमधून “हळू,” “घ्या,” “घ्या अजून,” एवढंच म्हणत. मोहन भाजी चिरताना मला मागून असंच सांगायचा, त्यावरून आमची भांडणं व्हायची. इथं मी ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी आतून पोकळ करायला घेतला. दुपार होईपर्यंत भिंत बोटभर राहिली. शबानानं मागं मोबाईलचा दिवा धरला. काय सांगू! आग्र्याच्या दुकानातला तो पिवळा उजेड माझ्या समोरच्या दगडातून आला. एका बाजूनं वरून खाली एक काळी बारीक रेघही दिसली. तोच बाल. मी म्हटलं, “चाचा, उजेड आला.”

“आला?” त्यांचा चेहरा फुलला. “अजून थोडं घ्या. हळू.”

मी घेतलं. एकदा. दोनदा.

“बस,” चाचा म्हणाले.

आता ऐका माझा मूर्खपणा. टर्नर माणूस काम संपवताना शेवटी एक फिनिशिंग कट घेतोच. अगदी पातळ, पाव मिलिमीटरचा. त्यानं पृष्ठभाग आरशासारखा होतो. हे मी हजारो पोरांच्या डोक्यात घातलंय, फिनिशिंग कट घेतला नाही तर जॉब अपुरा, मार्क कापणार. “बस” ऐकू आलं मला. डाव्या कानानं चांगलं ऐकू आलं. पण माझा हात थांबलाच नाही. तो तीस वर्षांच्या सवयीनं हत्यार घेऊन पुन्हा आत गेला.

आवाजसुद्धा मोठा झाला नाही. सुपारी फुटावी तेवढाच. आणि दगड दोन फाकी होऊन खाली पडला.

शबानानं बटण बंद केलं. पट्टा थांबला. चाचा खाली बसले, जमिनीवर चाचपडून दोन्ही तुकडे शोधले आणि मांडीवर घेतले.

“मी बस म्हनलो व्हतो.”

“ऐकलं मी.”

“मग कावून?”

“संपवायचा होता मला. शेवटचा हात राहिला होता.”

“झालं की मग,” चाचा म्हणाले. “संपला.”

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. साधं बोलले, जेवण झालं म्हणावं तसं. आणि मी त्या पांढऱ्या पिठात खाली बसले आणि रडले. मोहन गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, चहा कोण करतंय, मुंबईचे पाहुणे कुठं झोपणार, हे मीच बघत होते. तेव्हा रडायचं राहून गेलं. नंतर एकटीनं रडायला भीती वाटायची, सुरू झालं तर थांबवणार कोण? तो दगड न कातलेला होता तोवर माझ्याकडं मोहनचं एक काम बाकी होतं. ‘रिटायर झाले की करते’ हे अजून खरं होतं. आता त्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही, हे मला त्या शेडमध्ये कळलं. शबाना माझ्या पाठीवर हात ठेवून बसून होती. “रडा मावशी,” एवढंच म्हणाली. पाणी आणायलासुद्धा उठली नाही.

थोड्या वेळानं चाचांनी खिशातनं चावी काढली. एक तुकडा बोटांवर अलगद धरला आणि टिचकी मारली. टण्! पितळी वाटीसारखा आवाज. दुसऱ्याला मारली, तोही वाजला. माझ्या अर्ध्या कानालासुद्धा साफ ऐकू आला.

“बाल गेला,” ते म्हणाले. “अख्खा व्हता तवा मुका व्हता. बगा आता.” त्यांनी पुन्हा वाजवून दाखवला. “दोन पनत्या निघतील ह्याच्यातनं.”

“दोन पणत्या घेऊन मी एकटी काय करू चाचा?”

त्यांनी विचार केला. “मग एक करा.”

नाशिक

दुसऱ्या दिवशी शबानानं स्टँडवर सोडलं, पिशवीत डझनभर सीताफळं घातली. शेजारच्या वहिनींना निदान ते तरी खरं वाटलं. तुकडे मी धुतले नाहीत.

एका तुकड्याची पणती करायला मला महिना लागला. पोर्चमधल्या मशीनवर लाकडी चकती बसवली, लाख वितळवताना दोन बोटं भाजून घेतली, आणि डावा कान मशीनकडं करून वाकडीतिकडी उभी राहून कातली. चाचांसारखी काठीही कानाला लावून पाहिली. मला काय ऐकू येणार, डोंबल! पण एका ठिकाणी हातानं पुढं जायला नको म्हटलं, तिथं मी थांबले. आतून खडबडीत राहिली आहे. कड एका बाजूला जाड आहे. माझ्या विद्यार्थ्यानं केली असती तर काठावर पास केली असती.

मोहनच्या वर्षश्राद्धाला सगळे येऊन गेले. पणती कुणाच्या लक्षात आली नाही, मीही सांगितलं नाही. माणसं गेल्यावर, संध्याकाळी, मी ती पेटवली. उजेड थोडाच येतो, जाड कडेच्या बाजूनं तर येतच नाही. मी समोर बसून राहिले. घरात फ्रीजचा आवाज तेवढा होता. कुणाला तरी दाखवावीशी फार वाटली, आणि दाखवावी असं एकच माणूस डोळ्यांपुढं आलं, ज्याला दिसत नाही.

शबानाला फोन लावला. तिनं तो चाचांना दिला.

“चाचा, झाली पणती. पण तुम्हाला दाखवू कशी?”

“दाखवता कशाला?” पलीकडनं आवाज आला. “वाजवा.”

मी पणती विझवली, गार होऊ दिली, तेल पुसलं. तोवर चाचा फोन धरून होते. मग कपाटाची चावी घेतली, पणती बोटांवर धरली, फोन जवळ ठेवला आणि टिचकी मारली.

टण्! साफ वाजली. 

“अजून एकदा,” चाचा म्हणाले.

मी अजून एकदा वाजवली.